टाळण्यासाठी कुठलंही बटण दाबा

गेलं वर्षभर बाबा रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करायचे आणि स्पेसबारवर बोट ठेवून बसायचे. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत चार ओळी यायच्या. तुमची डिस्क तपासायला हवी आहे. तपासणी टाळायची असेल तर दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा, असा त्यांचा अर्थ. मग दहा, नऊ, आठ असे आकडे उतरायचे. बाबा सातावर बटण दाबायचे. दहावर दाबलं तर माणूस घाबरलेला वाटतो आणि एकापर्यंत थांबणं धोक्याचं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी साडेआठला पवईच्या ऑफिसला निघते आणि बाबा नऊ वाजता कॉम्प्युटरवर बसतात. कॉम्प्युटर मुळात माझा. ऑफिसने लॅपटॉप दिला तेव्हा तो बाबांकडे गेला. बाबा गिरणीत कापड विणायच्या साच्यांवर होते. गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं वॉचमन. त्यांनी सत्तराव्या वर्षी टायपिंग शिकून घेतलं, तेही फक्त एका कामासाठी. आमच्या गावचं मुंबईत एक मंडळ आहे, बाबा त्याचे सेक्रेटरी होते. नोटिसा काढणं, सभासदांची यादी ठेवणं, कुणी गेलं तर शोकसंदेश लिहिणं, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे शिमग्याला गावी जाणाऱ्या बसची यादी करणं. त्या यादीत कोण कुठल्या सीटवर, कोणाला खिडकी हवी, कोणाला खिडकी द्यायलाच हवी कारण पोलादपूरच्या आसपास त्यांना उलटी होते, आणि कोणाशेजारी कोण बसणार नाही, याच्या नोंदी होत्या. या शेवटच्या रकान्यामुळे बाबा ती यादी कुणाला दाखवत नसत.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे काका. नात्याने काका नाहीत, गाववाले. दोघं एकाच वाडीतले, एकाच वर्षी मुंबईला आले, एकाच खात्यात साच्यांवर लागले. ते राहतात घाटकोपरला, आम्ही जोगेश्वरी पूर्वेला. दर शनिवारी काका मेट्रोने हायवेपर्यंत येतात, तिथून रिक्षा, आणि मग आमचे तीन मजले पायी. लिफ्ट नाही. वर आले की पाच मिनिटं बोलत नाहीत. माझ्याशी बाबा मराठीत बोलतात आणि काकांशी मालवणीत. त्यामुळे आवाज चढला की तो कुणावर चढलाय ते स्वयंपाकघरातूनही कळतं.

शिमग्याला दोन महिने होते. एका शुक्रवारी मी घरी आले तर बाबा बंद स्क्रीनसमोर बसलेले.

"यादी उघडत नाही," ते म्हणाले.

मी कॉम्प्युटर परत सुरू केला. काळी स्क्रीन आली, चार ओळी आल्या, आणि माझ्या बाजूने बाबांचं बोट सरळ स्पेसबारकडे आलं. मी त्यांचा हात धरला.

"हे किती दिवस चाललंय?"

"मागच्या शिमग्यापासून."

"बाबा, तो सांगतोय डिस्क तपासा म्हणून."

"रोजच सांगतो. आपण नको म्हटलं की गप बसतो."

ऑफिसात आमच्या बाजूच्या खोलीत कॉम्प्युटरवाले बसतात. त्यांतल्या एकाला मी फोन लावला. तो म्हणाला, पूर्ण तपासणी लाव, वेळ लागेल, मध्ये अजिबात बंद करायचं नाही, लाइट गेली तर वाट लागेल. किती वेळ, असं विचारलं तर म्हणाला, डिस्कची तब्येत कशी आहे त्यावर. एवढं तर डॉक्टरही सांगतो.

शनिवारी सकाळी आठला मी तपासणी सुरू केली. आमच्या घरी गिझर आणि मिक्सर एकदम लावले की मेन स्विच खाली येतो. बाबांनी त्या दिवशी दोन्ही बंद ठेवायला लावले, आणि मग खबरदारी म्हणून टीव्हीही. स्वतः थंड पाण्याने आंघोळ केली. मला म्हणाले, "तू उद्या कर."

मग ते खुर्ची ओढून कॉम्प्युटरच्या डब्याजवळ बसले आणि डब्यावर तीन बोटं टेकली. साच्यांच्या खडखडाटात बाबांचे कान कधीच अधू झाले. मशीन कसं चाललंय ते ते बोटांनी बघतात. आमचा फ्रीज बिघडणार हे त्यांनी असंच चार दिवस आधी सांगितलं होतं.

"अडकतंय," ते म्हणाले. "चालतं, अडकतं, परत मागे जाऊन तीच जागा बघतं."

तपासणीचे पाच टप्पे होते. पहिला लवकर झाला. दुसऱ्यात दहा टक्क्यांवर गाडी थांबली, आणि तेवढ्यात काका आले. पाच मिनिटं बसले, पाणी प्याले.

"काय झाला रे ह्येका?"

"तपासणी चललीसा," बाबा म्हणाले. "हात लावू नको."

"यादी गावली?"

"तीच तर शोधता."

काकांनी खुर्ची ओढली. दोघं स्क्रीनकडे बघत बसले. मी चहा टाकायला आत गेले. जरा वेळाने काकांचा आवाज आला, "गो बाय, हय ये. कायतरी लिवता हा."

स्क्रीनवर ओळी वर सरकायला लागल्या होत्या. प्रत्येक ओळीत तेच इंग्रजी वाक्य आणि मध्ये एका फाइलचं नाव. मी त्यांना अर्थ सांगितला. या फाइली डिस्कवर आहेत, पण त्या कुठल्या फोल्डरमधल्या ती नोंद पुसली गेलीय. अशांना हा अनाथ फाइल म्हणतो. एकेक सापडेल तशी जागेवर नेऊन ठेवतोय.

"अनाथ," काका म्हणाले. "बरा काम करता मगे."

काकांना इंग्रजी अक्षरं लावून वाचता येतं. दुकानांच्या पाट्या, बसचे बोर्ड ते मोठ्याने वाचतात. तसंच त्यांनी हेही वाचायला घेतलं. नोटीस एक. नोटीस दोन. शोक. शोक दोन. मग ते थांबले.

"आर, ए, जे, आय, एन, ए. राजीना." बाबांकडे वळले. "ही राजीना कोण?"

बाबांनी डब्यावरची बोटं काढली.

"हिची पण फाइल आसा," काका म्हणाले. "राजीना एक. राजीना दोन. राजीना तीन... रे, चार राजीना आसत! तुझ्या कंप्युटरात ही बाई खयसून इली?"

"माका काय म्हायत," बाबा म्हणाले. "तो कायय दाखवता."

मला कळलं होतं. जुना कॉम्प्युटर लांब नाव सहा अक्षरांवर तोडतो आणि पुढे आकडा लावतो. पण मी गप्प राहिले. बाबांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, पुढच्या ओळी भराभर वर जातील आणि विषय संपेल. ओळी भराभर जात नव्हत्या. डिस्कची तब्येत बरी नव्हती. पाचवी फाइल आली ती अख्ख्या नावाने आली, आणि स्क्रीनच्या मधोमध येऊन थांबली.

"राजीनामा," काकांनी वाचलं. "राजीनामा शेवटचा." एक ओळ सरकली. "राजीनामा शेवटचा दोन."

आत चहा उतू गेला. मी गॅस बंद करून आले तरी दोघं तसेच बसले होते.

"कसलो राजीनामो?" काकांनी विचारलं.

"सेक्रेटरीपदाचो."

"कोणाक दिलंस?"

"कोणाकच नाय."

"कधीपासून लिवतंस?"

बाबांनी हिशेब केला. "पंधरा वर्सां झाली असतीत. पयले हातान लिवलेले. ते यात नाय."

काका म्हणाले, "माका कित्याक नाय दिलंस? मी अध्यक्ष मा?"

मग बाबांनी सांगितलं. त्यांना चिडताना मी पाहिलंय, पण इतकं सविस्तर बोलताना पाहिलं नव्हतं. पहिला राजीनामा लिहिला आणि काकांची बायपास ठरली. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या हातात राजीनामा कसा द्यायचा? दुसरा लिहिला आणि काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. मंडपात कसा द्यायचा? तिसरा खिशात घालून घाटकोपरला जायला निघाले तर आईला हॉस्पिटलात न्यावं लागलं. आई गेली. त्यानंतर काका दर शनिवारी न चुकता यायला लागले. "आणि घरी इलेल्या माणसाक," बाबा म्हणाले, "चाय देवची काय राजीनामो?"

काकांनी मान खाली घातली. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. तसं नव्हतं. ते तापत होते.

"मी कित्याक येय होतंय तुका म्हायत आसा?" ते म्हणाले. "माका अध्यक्ष रवाची हौस नव्हती. बायपासच्या वक्ताकच सोडूचा होता. पण तुझी बायको गेली. मी म्हटला, मी सोडलंय तर मंडळ बंद पडतला, मगे ह्येचो शनवार कसो जातलो? म्हणान रवलंय. तुझ्यासाठी रवलंय!"

"माझो शनवार माका घालवता येता," बाबा म्हणाले.

"तीन माळे! सात वर्सां! माझे गुडघे गेले रे!"

"मी बोलावलेलंय?"

काका उठले. चप्पल घातली. दारात थांबून त्यांनी पिशवी उचलली. पिशवीत आमच्यासाठी आणलेली कोकमाची सोलं होती. ती त्यांनी काढून टेबलावर ठेवली, कारण ती काकूंनी दिली होती आणि काकूंचं भांडण नव्हतं. मग चहा न पिता ते गेले. जिन्यावरून त्यांची पावलं एकेक ऐकू येत होती. बाबांना ऐकू आली नसावीत, पण ते दाराकडे बघत होते.

तपासणी तिसऱ्या टप्प्यातून चौथ्यात गेली आणि तिथे सत्तावीस टक्क्यांवर बसली. संध्याकाळी सत्तावीस, झोपताना सत्तावीस, रविवारी सकाळी एकतीस. मी गिझर लावायची परवानगी मागितली. नाही म्हणाले. दुपारी तीनच्या सुमारास तपासणी संपली. कॉम्प्युटर आपला आपण सुरू झाला आणि मागचं निळं चित्र दिसलं, जसं काही झालंच नव्हतं. स्क्रीनवर आलेल्या अहवालातलं मला एवढंच समजलं की डिस्कवर बऱ्याच जागा खराब आहेत, त्यांवर खूण करून ठेवलीय, आणि आता तिथे काही लिहिलं जाणार नाही. बाबांना हे पटलं. साच्याचं एखादं अंग गेलं तरी बाकीच्यांवर पाळी काढायचीच असते, म्हणाले.

बसची यादी उघडली. वरची चौतीस नावं शाबूत होती, खालच्या आठांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं होती. कोणाशेजारी कोण बसणार नाही तो रकाना पूर्ण बचावला होता. राजीनामे सगळे सापडले. एकाही अक्षराला धक्का नाही.

साडेचारला बेल वाजली. काका रविवारी कधी येत नाहीत. आले, बसले, पाच मिनिटं थांबले आणि म्हणाले, "दाखव."

"काय?"

"राजीनामे. माका लिवलेले आसत, माका वाचूक नको?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळे छापून दिले. काका खिडकीशी बसून एकेक वाचत गेले, वाचलेला कागद उलटा करून मांडीवर ठेवत गेले. त्यांनी ठेवलेले मी उचलून वाचले. मी एचआरमध्ये आहे, राजीनामे वाचणं हे माझं रोजचं काम. त्या दृष्टीने सांगायचं तर मसुदे कच्चे होते. एकातही कधीपासून मोकळं करावं ती तारीख नव्हती. तिघांत "मला पदमुक्त करावे" या जागी "पादमुक्त करावे" असं टाइप झालं होतं. दुसरा अडीच पानांचा होता आणि त्यात खिडकीच्या सीटवरून भांडणाऱ्या चार जणांचे वर्षवार गुन्हे होते. चौथा एकाच ओळीचा होता: "मी आता थकलो आहे, कळावे." मात्र शेवटचा, म्हणजे "शेवटचा दोन", चांगला होता. प्रकृतीचं कारण होतं, सभासदांचे आभार होते, नव्या लोकांना संधी द्यावी असंही होतं. आमच्या ऑफिसात असा आला असता तर मी तो नमुना म्हणून ठेवला असता.

काकांनाही तोच आवडला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"ह्यो बरो आसा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "गो बाय, ह्येच्यात नाव बदल. माझा घाल. आणि सेक्रेटरीच्या जाग्यार अध्यक्ष."

बाबा म्हणाले, "माझो लिवलेलो तू कसो घेतंस?"

"तू खय देवचो होतंस? पडान होतो मा?"

मी नाव आणि पद बदलून दुसरी प्रत काढली. दोघांनी एकाच पेनाने सह्या केल्या. मग चहा झाला आणि यादीतली गेलेली आठ नावं दोघांनी मिळून आठवली. सातच आठवली. आठवा माणूस नंतर स्वतःच फोन करून भांडला, त्यामुळे तोही सापडला.

पंधरा दिवसांनी मंडळाची सभा झाली, जोगेश्वरीतल्या एका शाळेच्या वर्गात. छोट्या बाकांवर मोठी माणसं बसली होती. उपाध्यक्षांनी आधी बाबांचा राजीनामा वाचला. मग त्यांनी काकांचा वाचायला घेतला, आणि दुसऱ्या परिच्छेदापर्यंत लोकांच्या लक्षात आलं की हे आत्ताच ऐकलंय. तिसऱ्या परिच्छेदात असं होतं: "पत्नीच्या निधनानंतर घरची सर्व जबाबदारी माझ्यावर आल्याने..."

काकू तिसऱ्या बाकावर होत्या.

इथे माझी चूक कबूल केली पाहिजे. मी नाव बदललं, पद बदललं, मधला परिच्छेद परत वाचला नाही. ऑफिसात अशा चुकीला मी लेखी समज देते.

काकू उठून उभ्या राहिल्या.

"माका कधी पोचवलात?" त्यांनी विचारलं.

काकांनी बाबांकडे बोट केलं. बाबांनी माझ्याकडे. मी उभी राहिले आणि छपाईतला दोष असल्याचं सांगितलं. उपाध्यक्षांनी तसं इतिवृत्तात घेतलं: "अध्यक्षांच्या पत्नी हयात असल्याचे सभेने नोंदवले." दोन्ही राजीनामे मंजूर झाले. नव्या नावांसाठी उपाध्यक्षांनी तीनदा विचारलं. कुणी हात वर केला नाही. मग मागून एक आजोबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "चेडवाक कंप्युटर येता. आणि चूक पण कबूल करता." मी सेक्रेटरी झाले. अध्यक्ष म्हणून विरारच्या एकाची निवड एकमताने झाली, कारण तो तेव्हा फोन घ्यायला बाहेर गेला होता.

शिमग्याची बस मी काढली. बाबांना आणि काकांना शेजारी शेजारी जागा दिली. दोघांनीही खिडकी मागितली. त्याचं काय झालं ते मी लिहीत नाही. मी पदावर आहे.

गावाहून आल्यावर दोन शनिवार काका आले नाहीत. काम नव्हतं, मग कशाला यायचं? बाबा पहिल्या शनिवारी दुपारपर्यंत वर्तमानपत्र वाचत होते, मग तेच परत वाचलं. दुसऱ्या शनिवारी त्यांनी दोनदा गॅलरीत जाऊन रिक्षा येते का ते पाहिलं. मी विचारलं, फोन करू का? ते म्हणाले, कशासाठी? त्यांच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं आणि मलाही सुचलं नाही.

तिसऱ्या शनिवारी काका आले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. "काय काम?" बाबांनी विचारलं. "काय नाय," काका म्हणाले.

दरम्यान मी कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवून घेतली होती. जुनी काढून टेबलावर ठेवलेली, भंगारात द्यायला. काकांनी ती हातात घेतली. "ह्येच्या आत काय आसता?" बाबांनाही माहीत नव्हतं. उघडायला गेले तर स्क्रू सहा कोनांचे, चांदणीसारखे. घरातला एकही पेचकस लागेना. दोघांनी सुरी वापरून पाहिली, मग नेलकटर. तो शनिवार त्यात गेला. पुढच्या शनिवारी काका अंधेरीला उतरून चार दुकानं फिरून चांदणीचा पेचकस घेऊन आले. तो एका मापाने मोठा निघाला. त्याच्या पुढच्या शनिवारी बरोबर मापाचा मिळाला आणि झाकण निघालं.

आत आरशासारखी एक गोल चकती होती. काकांनी शर्टाच्या टोकाने पुसली. खराब जागा कुठे ते दोघांनी चष्मे काढून, घालून, एकमेकांचे बदलून पाहिलं. कुठेही काही दिसलं नाही. चकतीच्या खाली मात्र दोन लोहचुंबक निघाले, बोटाएवढे, पण एकमेकांना असे धरून बसले की सोडवताना बाबांच्या नखाखाली रक्त साकळलं. एक बाबांनी ठेवला. दुसरा काका रुमालात गुंडाळून घरी घेऊन गेले.

बुधवारी काकांचा फोन आला. मी स्पीकर लावून बाबांच्या कानाशी धरला. चुंबक त्यांच्या लोखंडी कपाटाला चिकटला होता, नेमका दोन दारांच्या मधोमध. दार उघडत नव्हतं. काकूंच्या साड्या आत होत्या. त्या काय म्हणत होत्या ते मागून ऐकू येत होतं.

शनिवारी सकाळी बाबांनी पिशवी घेतली. त्यात पेचकस, हातोडी, लाकडाचा एक तुकडा आणि डब्यात थोडं खोबरेल टाकलं. आई गेल्यापासून ते घाटकोपरला एकदाही गेले नव्हते. मेट्रोचं तिकीट कसं काढायचं ते त्यांनी मला दोनदा विचारून कागदावर लिहून घेतलं, आणि कठड्याला धरून तीन मजले उतरून गेले.

सहा वाजता परत आले. चुंबक निघाला का, असं मी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "रंग निघाला."